कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

दौंडाहून निघालेली आगगाडी भीमा नदी ओलांडून अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शिरते आणि नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव ही स्थानके मागे टाकीत मनमाडला पोहोचते. हा लोहमार्ग 1878 साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या आधीची दोन वर्षे दक्षिण महाराष्ट्रात व नगर जिल्ह्यात मोठा दुष्काळ होता. विहिरी आटल्या, गुरे मेली आणि अन्नास मोताद झालेली माणसे सरकारी दुष्काळी कामावर गेली. या लोहमार्गाचे बरेचसे मातीकाम अशाच माणसांच्या हातांनी झालेले आहे. अशा कामावर दरड कोसळून एखाद्याचा पाय मोडला, तर त्याचा रोजमुरा त्याच दिवशी थांबे. पुढे त्याने काय खावे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. काम केले तर दाम, नाही केले तर काही नाही, इतकाच काय तो त्या काळचा व्यवहार होता.

दुष्काळी कामावरही ज्यांचे भागले नाही, अशा पुष्कळांनी मुंबईची वाट धरली. मुंबईत त्या वेळी कापडाच्या गिरण्या निघत होत्या. कावसजी दावर या पारशी व्यापाऱ्याने 1854 साली पहिली गिरणी काढण्याचा उद्योग आरंभिला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराडीच धुराडी दिसू लागली. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे या गिरण्यांत शिरली. नांगर आणि कुदळ ओळखणाऱ्या या लोकांना यंत्राची ओळख नव्हती.

गिरणीची रचना त्या काळी कशी असे, हे समजून घेतले पाहिजे. गिरणीच्या एका बाजूस वाफेचे एक प्रचंड इंजिन असे. त्याची शक्ती छताखालून फिरणाऱ्या लांबच लांब लोखंडी दांड्यांना मिळे आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे रुंद पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत आलेले असत. पट्टे, चाके, दातेरी चक्रे सारी उघडीच. माणसे त्यांच्यामधून वाकून, अंग चोरून ये-जा करीत. धोतराचा सोगा किंवा पदराचे टोक पट्ट्यात सापडले की माणूस ओढला जाई. आणि एका माणसासाठी इंजिन क्षणात थांबत नसे. चालू यंत्राखाली साचलेला कापूस झाडून काढण्यास लहान मुलांस बसवीत, कारण त्यांचे हात बारीक व अंग लवचीक. दिवस उजाडला की काम सुरू होई आणि दिसेनासे झाले की सुटे. त्यामुळे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास काम पडे. संध्याकाळच्या सुमारास डोळे मिटू लागत आणि त्या वेळी यंत्रात बोट जाण्याचे भय अधिक असे. हात गमावलेला माणूस गावी परत जाई. त्याच्या जागी दुसरा दाराशी उभाच असे.

या माणसांसाठी ज्यांनी प्रथम संघटितपणे आवाज उठविला, ते नारायण मेघाजी लोखंडे होत.

नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाणे येथे एका सामान्य फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील. घरची स्थिती बेताची होती, तरी त्यांनी इंग्रजी शाळेत शिक्षण घेतले. त्या काळी इतके शिकलेल्या मुलास सरकारी कचेरीत सहज जागा मिळे. नारायणरावांनीही रेल्वे व टपाल या खात्यांत काही काळ नोकरी केली. परंतु पुढे ते मुंबईत मांडवी भागातील एका कापड गिरणीत कोठारावरचे कारकून म्हणून लागले. येथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही. कारकुनाची खुर्ची कामगाराच्या जागेपासून फार दूर नसते. भोंगा वाजला की आत जाणारी आणि अंधार पडल्यावर थकून बाहेर येणारी माणसे ते रोज पाहत होते.

याच सुमारास महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. जोतीरावांनी 1873 साली पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. नारायणराव या समाजाचे कार्यकर्ते बनले. समाजाची मते लोकांपर्यंत नेण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी 1877 साली ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले होते. ते पैशाच्या अडचणीमुळे बंद पडण्याच्या बेतास आले. तेव्हा 1880 साली नारायणरावांनी ते मुंबईस आणून चालविण्याचे अंगावर घेतले आणि मृत्यूपर्यंत त्याचे संपादन केले. शेतकऱ्यांची आणि गिरणीतील मजुरांची दुःखे या पत्रातून मराठीत छापून येऊ लागली. ज्याला वाचता येत नसे, त्यास शेजारचा कोणी वाचून दाखवी.

1881 साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या दयाळू गृहस्थांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी झाली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आले, धोकादायक यंत्रांस कुंपण घालण्याची आणि अपघाताची वर्दी देण्याची सोय झाली. यात चांगला भाग होता, हे मान्य केले पाहिजे. पण प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या वेळेविषयी त्यात एक शब्दही नव्हता. आणि अपघाताची वर्दी सरकारास कळविल्याने ज्याचा हात तुटला त्याच्या चुलीवर तवा चढत नाही.

कायदा अपुरा आहे अशी ओरड झाल्यावर मुंबई सरकारने 1884 साली चौकशीसाठी एक समिती नेमली. समितीपुढे मालक येणार, निरीक्षक येणार, डॉक्टर येणार. पण कामगारांचे म्हणणे कोण सांगणार? नारायणरावांनी ही वेळ साधली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. दिवसभर राबून थकलेली माणसे सभेला आली, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. सभेत एक अर्ज मंजूर झाला आणि त्यावर सुमारे 5,500 कामगारांनी सह्या किंवा निशाण्या केल्या. ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ या नावाने कामगारांची संघटना उभी राहिली व नारायणराव तिचे अध्यक्ष झाले.

अर्जात मागण्या पाचच होत्या. रविवारी सर्व कामगारांस सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. या चार मागण्या ऐकून आज आपणांस आश्चर्य वाटते की, असल्या साध्या गोष्टींसाठीही अर्ज करावा लागे.

पाचवी मागणी मात्र निराळ्या प्रकारची होती. गिरणीत काम करीत असता ज्यास भारी इजा होईल, त्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. आणि जो जन्माचा अपंग होईल, त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, असे तीत म्हटले होते.

या मागणीचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी त्या वेळचा कायदा पाहिला पाहिजे. अपघातात माणूस मेला, तर त्याच्या आप्तांना भरपाई मागता यावी असा एक कायदा 1855 साली झालेला होता. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे आणि मृत्यू दुसऱ्याच्या दोषामुळे झाला, हे सिद्ध करावे लागे. जखमी माणसासही हाच मार्ग होता. आता, ज्यास अक्षर वाचता येत नाही, ज्याचा पगार बंद झाला आहे आणि ज्याचे साक्षीदार त्याच मालकाच्या पगारावर आहेत, त्याने मालकाचा दोष सिद्ध करावा कसा? वकील कोठून आणावा? शिवाय दोष कोणाचा, हे पुष्कळदा सांगताच येत नाही. पट्टा जुना झालेला असतो, मुकादम घाई करीत असतो, कामगाराचे डोळे मिटत असतात. तेवढ्यात एक क्षण चुकतो.

नारायणरावांच्या मागणीत दोष कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. काम करताना इजा झाली, एवढे पुरे. यंत्राचा पट्टा तुटला तर त्याचा खर्च गिरणी सोसते. मग ते यंत्र चालविणाऱ्याचा हात तुटला तर तो खर्च त्याच्या बायकामुलांनी का सोसावा, असा या मागणीचा रोख होता. तीत कोणाची दया मागितलेली नव्हती. योगायोग असा की, याच 1884 साली जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. युरोपातील एक बलाढ्य सरकार जे करीत होते, तेच मुंबईच्या चाळीत राहणारी निरक्षर माणसे अंगठे उमटवून मागत होती.

समितीने अर्ज स्वीकारला, कागदपत्रांत त्याची नोंद झाली. पण मागण्या काही पदरात पडल्या नाहीत. मालकवर्ग तर विरोधी होताच, परंतु पुष्कळ सुशिक्षित पुढारी व वृत्तपत्रेही कारखान्यांच्या कायद्याकडे संशयाने पाहत होती. त्यांच्या संशयास कारण नव्हते असे नाही. विलायतेतील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती पडली होती आणि येथे कायदे व्हावेत म्हणून तेही ओरडत होते. तेव्हा कायद्याची बाजू घेणे म्हणजे परक्यांच्या हाती खेळणे, असा समज सहज पसरे. स्वदेशी उद्योगाचा अभिमान नारायणरावांनाही होता. तथापि उद्योग वाढावा म्हणून कोणाचे हातपाय मोडले तरी चालतील, हे त्यांना मान्य नव्हते. दोन्ही बाजूंच्या टीकेत उभे राहून आपले म्हणणे न सोडणे हे धैर्याचे काम होते.

त्यांच्या संघटनेची शक्ती किती होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्याजवळ सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. सरकारी अहवालानेही तसेच नमूद केले आहे. म्हणून काही इतिहासकार तिला आजच्या अर्थाने कामगार संघ म्हणत नाहीत. अर्ज लिहिणे, सभा बोलावणे, अधिकाऱ्यांस भेटणे ही सारी कामे नारायणराव स्वतः, कोणतेही वेतन न घेता करीत. कोणी अडलेला मजूर दारी आला, तर त्यास सल्लाही तेच देत.

सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत कामगारांची विराट सभा भरली. सुमारे 10,000 कामगार जमले होते आणि दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. ज्या काळी चांगल्या घरच्या पुष्कळ स्त्रियांस शाळेचे दारही ठाऊक नव्हते, त्या काळी गिरणीत राबणाऱ्या बायकांनी हजारो लोकांसमोर बोलावे, ही गोष्ट लहान नव्हे. आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुन्हा मालकांकडे गेली आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवार उजाडला की शाळेला कुलूप असते. पण मुंबईच्या गिरण्यांना हे कुलूप लागण्यास इतकी खटपट करावी लागली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांतील मजुरांविषयी आयोग नेमला आणि मुंबईच्या कामगारांच्या वतीने नारायणरावांस त्याच्या कामात सहभागी करून घेतले. 1891 साली नवा कायदा झाला. मुलांचे किमान वय नऊ वर्षांवर आले, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा पडली, आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. 1884 च्या अर्जातील काही मागण्या अशा रीतीने पुऱ्या झाल्या. पाचवी मागणी मात्र याही कायद्यात शिरू शकली नाही. सुट्टी देण्यास मालक तयार झाले. जखमी माणसाचा भार उचलण्यास अजून कोणी तयार नव्हते.

नारायणरावांचे कार्य गिरण्यांपुरते नव्हते. विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बंधूंनी केला, तो त्यांच्या प्रेरणेने. 1893 साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला, तेव्हा ते दोन्ही समाजांच्या वस्त्यांत हिंडले व शांततेसाठी झटले. 1895 साली सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगची साथ आली. तिचा पहिला उपद्रव झाला तो मांडवी भागात, जेथे तरुणपणी नारायणरावांनी नोकरी केली होती. लोक घरेदारे टाकून गावोगाव पळू लागले. नारायणराव मुंबईतच राहिले. रोग्यांची शुश्रूषा व्हावी, त्यांस औषधपाणी मिळावे म्हणून ते धडपडू लागले आणि त्यातच त्यांस प्लेगने गाठले. 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे वय त्या वेळी पन्नाशीच्याही आत होते. त्यानंतर महिन्याभराने, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच, सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला.

ज्या वर्षी नारायणराव गेले, त्याच 1897 साली विलायतेत कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. मालकाचा दोष सिद्ध न करताही जखमी कामगारास भरपाई मिळावी, हे तत्त्व तेथील संसदेने मान्य केले. हिंदुस्थानास मात्र आणखी सव्वीस वर्षे वाट पाहावी लागली. मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले, कामगारांचे मोठे संप झाले, 1920 साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी हे शिक्षक कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती विधिमंडळात बसू लागले. नुकसानभरपाईच्या विधेयकावर तेथे चर्चा झाली, तेव्हा जखमी कामगाराची बाजू त्यांनी मांडली. 1923 साली कायदा मंजूर झाला आणि 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. नारायणरावांच्या अर्जास त्या वर्षी चाळीस वर्षे होत होती.

काम करीत असता व कामामुळे अपघात झाला, तर मालकाचा दोष असो वा नसो, भरपाई द्यावी लागेल, असे या कायद्याने ठरविले. कामगार नशेत असेल किंवा त्याने यंत्रावरचे संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले असेल, असे काही अपवाद होते. कामगार कंत्राटदाराचा आहे म्हणून मूळ मालकास अंग काढून घेता येत नसे. मी भरपाई मागणार नाही, असे कोणी गरजू माणसाकडून आधीच लिहून घेतले, तर ते लिखाण रद्दबातल ठरे. दावा ऐकण्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्याची सोय झाली.

कायद्यास एक कोष्टक जोडलेले होते. कोणता अवयव गेला असता माणसाची कमावण्याची शक्ती शंभरांपैकी किती भागांनी घटली असे धरावे, हे त्यात लिहिले होते. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर तुटला तर 70 भाग, डावा तसाच तुटला तर 60; एक डोळा गेला तर 30; अंगठा गेला तर 25; अंगठ्याजवळचे बोट गेले तर 10; बाकीच्या बोटांपैकी एखादे गेले तर 5. माणसाच्या देहाचा असा हिशेब वाचताना मन विषण्ण होते. पण असा हिशेब कोठेच लिहिलेला नव्हता, तेव्हा त्या हाताची किंमत शून्य होती, हे विसरून चालणार नाही.

नारायणरावांनी बरे होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. 1923 च्या कायद्याने पहिल्या दहा दिवसांचे काहीच दिले नाही आणि त्यापुढे साधारणपणे निम्माच पगार देऊ केला. तोही सर्वांस नव्हे, तर ठरावीक धोक्याच्या धंद्यांतील कामगारांसच. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर, भंडारदऱ्याच्या धरणाचे बांधकाम 1910 पासून चालू होते. ते 1926 साली पुरे झाले. म्हणजे त्या प्रचंड दगडी भिंतीचे पुष्कळसे काम झाले, तेव्हा देशात असा कायदाच नव्हता. पुढे दुरुस्त्या होत गेल्या, धंद्यांची यादी वाढत गेली आणि इमारती, उंच धरणे, पूल, बोगदे व कालवे बांधणाऱ्या मजुरांची नावे त्यात आली. 1948 साली कामगार राज्य विम्याचा आणि 1996 साली इमारत व बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. 2020 साली संसदेने सामाजिक सुरक्षेची एक संहिता मंजूर करून असे अनेक कायदे तीत एकत्र आणले; 1923 चा कायदा त्यांपैकीच एक होय.

2005 साली भारत सरकारने नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईत, ज्या परळ भागात गिरण्यांची धुराडी उभी होती, तेथे कामगारविषयक शिक्षण देणारी राज्य शासनाची एक संस्था आज त्यांच्या नावाने चालते.